आयोवा विद्यापीठातली महिला कुस्ती : एका निर्णयाचा हिशेब

२१ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने आपले चार संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, पुरुषांचं टेनिस आणि जलतरणाचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ. कोविडमुळे बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने अमेरिकन फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला होता, आणि क्रीडा विभागाचा अंदाज असा होता की सुमारे १० कोटी डॉलरचं उत्पन्न बुडेल, ६ ते ७.५ कोटींची तूट येईल. त्यानंतर तेरा महिन्यांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्याच विद्यापीठाने एक नवा संघ जाहीर केला. तो महिला कुस्तीचा होता.

पैसा नाही म्हणून चार संघ मोडणारी संस्था वर्षभरात पाचवा उभा कसा करते? महाविद्यालयात कुस्ती आणू पाहणाऱ्या कोणालाही या प्रश्नाच्या उत्तरातून जेवढं शिकता येईल, तेवढं कुस्तीच्या गौरवावर लिहिलेल्या शंभर पानांतून शिकता येणार नाही. कुस्ती शिस्त लावते, मन खंबीर करते, गरिबाघरच्या पोरालाही दार उघडते, हे सगळं खरं आहे आणि समितीपुढे ते सांगावंही. पण निर्णय त्यावर होत नाही. तो होतो आकड्यांवर. आयोवात कोणते आकडे कुस्तीच्या बाजूने पडले, ते इथे पाहू.

वजाबाकी आणि बेरीज

अमेरिकेत १९७२ साली टायटल नाइन हा कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच त्याचं मूळ म्हणणं. खेळांना तो लावताना तीन कसोट्या ठरल्या आणि त्यातली एक उतरली तरी चालते. खेळाडूंमधलं स्त्रियांचं प्रमाण विद्यार्थिसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाशी जवळपास जुळावं. किंवा मुलींसाठी संधी सतत वाढवत नेल्याचा इतिहास दाखवता यावा. किंवा मुलींची आवड आणि कुवत पुरेपूर सामावून घेतल्याचं सिद्ध व्हावं. बहुतेक संस्था पहिल्या कसोटीचा आसरा घेतात, कारण ती मोजता येते.

ती कशी चालते, ते एका कल्पित महाविद्यालयावर पाहा. विद्यार्थ्यांत ५४ टक्के मुली आहेत. खेळाडू ४००, त्यात मुली १९०, म्हणजे ४७.५ टक्के. प्रमाण जुळवायचे दोन रस्ते. नव्या मुली घ्यायच्या तर साधारण ५७ जागा निर्माण कराव्या लागतात. मुलगे कमी करायचे तर ४८ जागा काढल्या की झालं. पहिल्या रस्त्याला प्रशिक्षक, प्रवास, गणवेश, जागा असं सगळं लागतं. दुसऱ्याला एक पत्रकार परिषद पुरते. त्यात फुटबॉलचा संघ शंभराच्या वर खेळाडूंचा, त्याला मुलींच्या बाजूने तोलाचा खेळ नाही आणि त्याला हात लावायची कोणाची तयारी नाही. मग कुऱ्हाड पडायची ती पुरुषांच्या लहान खेळांवर, आणि त्यात कुस्ती आघाडीवर. १९८१-८२ मध्ये एनसीएए या राष्ट्रीय संघटनेत पुरुष कुस्तीचे ३६३ संघ होते. पुढच्या दोन दशकांत त्यातले शंभरावर गेले.

कुस्तीवाल्यांचा राग स्वाभाविक होता. २००२ मध्ये राष्ट्रीय कुस्ती प्रशिक्षक संघटनेने थेट शिक्षण खात्यावर दावा लावला. तो पुढच्याच वर्षी फेटाळला गेला, अपिलातही टिकला नाही. न्यायालयाचा मुद्दा सरळ होता: संघ बंद केला तो महाविद्यालयाने, कायद्याने नव्हे. हे कटू वाटलं तरी बरोबर होतं. वजाबाकी करा असं कायदा कुठेच सांगत नाही. स्वस्त म्हणून ती संस्थांनी निवडली.

आयोवाच्या प्रकरणाचं मोल इथे आहे. ज्या कायद्याला कुस्तीचा मारेकरी ठरवलं गेलं, त्याच कायद्याच्या बेरजेतून कुस्ती परत आली, आणि ती मुलींच्या रूपाने आली.

न्यायालयात काय घडलं

सप्टेंबर २०२० मध्ये चार जलतरणपटू मुलींनी संघीय न्यायालयात दावा केला: आधीच मुलींना प्रमाणापेक्षा कमी जागा असताना त्यांचा आणखी एक संघ मोडणं बेकायदा आहे. डिसेंबरात न्यायाधीश स्टेफनी रोझ यांनी महिला जलतरण बंद करायला मनाई केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने तो संघ पुन्हा सुरू केला. पुरुषांचे तीन संघ मात्र परतले नाहीत. दावा तिथे थांबला नव्हता. मुलींना एकूणच पुरेशा संधी नाहीत, असा त्याचा विस्तार झालेला होता. तडजोड झाली तेव्हा तिच्यात नवा खेळ म्हणून महिला कुस्ती होती.

हे लपवण्यात अर्थ नाही. आयोवाने महिला कुस्ती केवळ दूरदृष्टीने आणली असं सांगणारा प्रस्ताव पहिल्याच प्रश्नाला कोसळेल. विद्यापीठावर दबाव होता. पण दबावाखाली नवा खेळ निवडायचा म्हटल्यावर त्यांनी कुस्तीच का निवडली, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर दबावात नाही.

कुस्तीच का

पहिलं कारण शाळांतल्या मुली. देशभरातल्या माध्यमिक शाळांत कुस्ती खेळणाऱ्या मुली २०१८-१९ मध्ये २१ हजारांच्या आसपास होत्या. २०२२-२३ मध्ये त्या ५० हजारांवर गेल्या. आयोवा राज्यात मुलींची पहिली राज्यस्पर्धा जानेवारी २०१९ मध्ये व्हेव्हर्ली गावी झाली. ती भरवली कुस्ती प्रशिक्षकांनी; शालेय क्रीडा संघटनेची मान्यता नव्हती. ती मान्यता जानेवारी २०२२ मध्ये आली, म्हणजे विद्यापीठाच्या घोषणेनंतर चार महिन्यांनी. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. खालून मुली येत नाहीत म्हणून वर संघ नाही, आणि वर संघ नाही म्हणून शाळा मान्यता देत नाहीत, असा पेच पडला की कोणीतरी एकाने आधी हात घालावा लागतो.

दुसरं कारण संघाचा आकार. महिला गटात दहा वजनगट असतात. प्रत्येक वजनात एक लढणारी, एक पाठीशी आणि एक तयार होणारी धरली की तीस मुली सहज होतात. वरच्या उदाहरणात एका कुस्तीसंघाने मुलींचं प्रमाण ४७.५ वरून ५१ टक्क्यांवर जातं. गोल्फ किंवा टेनिसचा संघ आठ-दहा जणींचा. तेवढ्याने काटा हलत नाही.

तिसरं कारण जागा आणि प्रेक्षक. हे आयोवाचं खास बलस्थान, आणि म्हणूनच नक्कल करताना सर्वांत जपून पाहण्याची गोष्ट. डॅन गेबल हे म्युनिक ऑलिंपिकमध्ये, १९७२ साली, एकही गुण न देता सुवर्ण जिंकलेले मल्ल. त्यांनी प्रशिक्षक म्हणून या विद्यापीठाला १५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी फुटबॉलच्या किनिक मैदानावर भरवलेल्या आयोवा-ओक्लाहोमा स्टेट लढतीला ४२,२८७ लोक आले. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला गर्दीचं नवल वाटणार नाही. पण अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीला ही गर्दी अपवाद आहे. कुस्तीसाठी तिकीट काढणारं गाव, देणगी देणारे माजी मल्ल, वैद्यकीय चमू, गाद्या धुणारी माणसं हे सगळं आयोवात आधीच होतं. पुरुष व महिला अशा दोन्ही संघांसाठी बांधलेलं नवं प्रशिक्षण केंद्र २०२४ मध्ये खुलं झालं, तेही मोठ्या प्रमाणात देणग्यांच्या बळावर.

चौथं कारण मोकळं मैदान. मिनेसोटा-मॉरिसने १९९३ मध्ये मुलींचा पहिला महाविद्यालयीन कुस्तीसंघ काढल्यापासून हा खेळ लहान संस्थांनी जगवला होता. २०२० ते २०२२ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद इलिनॉयच्या मकेन्ड्रीकडे होतं, २०२३ मध्ये त्याच राज्यातल्या नॉर्थ सेंट्रलकडे. फुटबॉलच्या बड्या पाच संघटनांतल्या एकाही विद्यापीठात महिला कुस्ती नव्हती. पहिलं येणाऱ्याला सर्वोत्तम मुली मिळणार होत्या, आणि तसंच झालं.

दोन वर्षांची तयारी

घोषणेनंतर दोन महिन्यांत प्रशिक्षक नेमल्या गेल्या: क्लॅरिसा चन. मूळच्या हवाईच्या. मुलींच्या शालेय कुस्तीला मान्यता देणारं हवाई हे पहिलं राज्य, आणि तिथल्या १९९८ च्या पहिल्या विजेत्यांपैकी चन एक. पुढे २००८ मध्ये विश्वविजेतेपद, २०१२ मध्ये लंडनला ४८ किलो गटात कांस्य, मग राष्ट्रीय महिला संघाच्या सहप्रशिक्षक. नेमणूक आधी आणि खेळाडू नंतर हा क्रम महत्त्वाचा. पालक विद्यापीठाच्या नावाला भुलतात, पण मुलगी सोपवतात ती वस्तादाच्या भरवशावर.

२०२२-२३ हे वर्ष सरावाचं ठेवलं. मुली खुल्या स्पर्धांत लढल्या, पण विद्यापीठाचा अधिकृत हंगाम सुरू झाला २०२३-२४ मध्ये. घोषणेपासून पहिल्या अधिकृत कुस्तीपर्यंत साधारण २६ महिने गेले. मार्च २०२४ मध्ये सीडर रॅपिड्स इथे या संघाने पहिल्याच प्रयत्नात राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. पुढच्या हंगामात पॅरिस ऑलिंपिकमधली ७६ किलोची रौप्यविजेती केनेडी ब्लेड्स आयोवाकडून लढत होती. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएच्या तिन्ही विभागांनी महिला कुस्तीला स्वतंत्र राष्ट्रीय अजिंक्यपदाचा दर्जा दिला. त्यासाठी किमान ४० संस्थांत संघ असावे लागतात; तो आकडा तोवर मागे पडला होता. पहिल्या स्पर्धेचा मान विद्यापीठाच्या आयोवा सिटी या गावाला लागून असलेल्या कोरलविलला मिळाला.

नियमांतला एक फरक खर्चाच्या दृष्टीने नोंदवायला हवा. अमेरिकेतले महाविद्यालयीन पुरुष त्यांच्या देशी पद्धतीने, फोकस्टाइलने लढतात. तिच्यात खाली दाबून ठेवण्याच्या वेळेचाही गुण असतो आणि सुटून उभं राहिल्याचाही. मुली मात्र ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल लढतात, म्हणजे आपल्याकडे गादी विभागात चालते तीच. दोन्ही संघ एका तालमीत सराव करू शकतात, पण पंच वेगळे लागतात, आणि पुरुषांचा मदतनीस मुलींना फुकटात वापरू असं ठरवणाऱ्या संस्थेला पहिल्याच मोसमात कळतं की खाली पडल्यानंतरची कुस्ती दोन्हीकडे निराळी आहे.

लहान महाविद्यालयाचा हिशेब

आयोवाचा तर्क लहान खासगी महाविद्यालयाला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे कुस्ती आणली जाते ती पटसंख्येसाठी: मल्ल येतील, शुल्क भरतील, वसतिगृहाच्या खोल्या भरतील. एनसीएएच्या विभाग तीनमधल्या संस्था क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक खेळाडू हा शुल्क भरणारा विद्यार्थी असतो. हा तर्क चुकीचा नाही. पण तो मांडताना सर्रास एक चूक होते.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. सवलती वजा जाता एका विद्यार्थ्यामागे १७,००० डॉलर हाती येतात असं धरा. २८ मल्ल आले की ४,७६,००० डॉलर, असं प्रस्तावात लिहिलं जातं. यातले आठ जण कुस्ती नसती तरी त्याच महाविद्यालयात आले असते. ते वजा करायलाच हवेत. उरले २० जण, म्हणजे ३,४०,०००. आता खर्च: मुख्य प्रशिक्षक भत्त्यांसह ७५,०००; मदतनीस ३०,०००; प्रवास व मुक्काम ६०,०००; गाद्या, पोशाख आणि घसारा २५,०००; वैद्यकीय कर्मचाऱ्याचा वाटा ३०,०००; भरतीसाठी फिरणं १५,०००; विमा व किरकोळ १५,०००. एकूण २,५०,०००. शिल्लक ९०,०००. बरं दिसतं. पण पहिल्या हिवाळ्यात वजनाचा ताण, दुखापत, नापास होणं यामुळे त्या वीसांतले सहा गळाले की उत्पन्न २,३८,००० वर येतं आणि खेळ १२,००० तोट्यात जातो. खर्चाचा एकही रुपया कमी होत नाही, कारण बस अठ्ठावीसांऐवजी बावीस जणांनाही तेवढीच लागते.

म्हणून पटसंख्येच्या प्रस्तावात भरतीच्या आकड्यापेक्षा टिकाव धरणाऱ्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत हवा. प्रशिक्षकाचं मूल्यमापनही त्यावरच व्हावं: किती आणले यापेक्षा दुसऱ्या वर्षी किती परतले. आयोवा विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावर माउंट प्लेझंट इथे आयोवा वेस्लियन विद्यापीठ होतं. तिथे महिला कुस्ती होती, पुरुष कुस्ती होती, इतरही खेळ होते. २०२३ मध्ये ते कायमचं बंद झालं. कुस्तीमुळे बुडालं असं अजिबात नाही, पण ज्या संस्थेचा पाया खचला आहे तिला कोणताही खेळ सावरू शकत नाही. तसा शब्द देणाऱ्या प्रस्तावावर विश्वास ठेवू नये.

खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीवारीसाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ चं ते कांस्यपदक त्या त्यागाशिवाय मिळालं नसतं. पण प्राचार्य बदलला की अशी सोयही जाते. आयोवात जे उभं राहिलं ते करारात आणि अंदाजपत्रकात लिहिलेलं होतं, म्हणून पुढे कोणी क्रीडासंचालक बदलला तरी चाललं.

तालमीत काय लागतं, काय बिघडतं

एक पूर्ण गादी ४२ बाय ४२ फुटांची, म्हणजे १,७६४ चौरस फूट. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइलचं ९ मीटरचं वर्तुळ आणि भोवतीची दीड मीटर मोकळी पट्टी मिळून १२ मीटर होतात. ४२ फूट म्हणजे १२.८ मीटर, तेव्हा तेवढ्यात ते बसतं. एका जोडीला सरावात किमान १० बाय १० फूट द्यावेत, म्हणजे एका गादीवर पंधरा-सोळा जोड्या. कागदावर तीस मल्लांना एक गादी पुरेल असं दिसतं. प्रत्यक्षात उभ्या कुस्तीच्या जोरदार सरावात कडेच्या जोड्या एकमेकांवर आदळतात आणि गुडघे जातात. दोन गाद्या धराव्यात. भिंतींना किमान सहा फुटांपर्यंत गादीचं अस्तर, आणि वायुवीजन. शेवटची बाब प्रस्तावांतून हमखास सुटते, आणि तिचीच किंमत पुढे मोजावी लागते.

कोंदट, ओल्या खोलीत त्वचारोग पसरतात. नायटा, पुवाळणाऱ्या फोडांचा इम्पेटिगो, आणि कुस्तीगिरांत चेहऱ्या-मानेवर उठणारा हर्पीस. गादी रोज सरावाआधी जंतुनाशकाने पुसायची, आणि द्रावण बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा दहा मिनिटं, ओलं राहू द्यायचं. लगेच कोरडं केलं तर पुसल्याचं फक्त समाधान मिळतं. महाविद्यालयीन नियमांनुसार नायट्यावर ७२ तास उपचार झाल्याशिवाय लढता येत नाही. हर्पीसमध्ये नवे फोड ७२ तास येता कामा नयेत आणि गोळ्या १२० तास पोटात गेलेल्या असाव्या लागतात. ऐन स्पर्धेच्या आठवड्यात एका मल्लाचा नायटा लपवला की पुढच्या आठवड्यात निम्मा संघ बाहेर बसतो.

वजनाचं प्रकरण याहून गंभीर. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात महिनाभरात तीन महाविद्यालयीन मल्ल झपाट्याने वजन उतरवताना मरण पावले. तिघंही रबरी पोशाखात, तापवलेल्या खोलीत घाम गाळत होते. त्यानंतर रबरी पोशाख आणि सॉना यांवर बंदी आली. हंगामाआधी शरीरातल्या पाण्याची चाचणी सक्तीची झाली: लघवीची विशिष्ट घनता १.०२० च्या वर असेल तर वजन प्रमाणित होत नाही, आणि आठवड्याला शरीरवजनाच्या १.५ टक्क्यापेक्षा जास्त उतरवता येत नाही. कुलगुरूंच्या वकिलाला प्रस्तावात हाच परिच्छेद आधी वाचायचा असतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ठळक असावा. परिशिष्टात ढकलला की कुस्तीचे लोक काहीतरी लपवतात असा ग्रह होतो.

प्रस्ताव कोणत्या क्रमाने लिहावा

आधी संस्थेची अडचण ओळखावी: प्रमाणाची, पटसंख्येची, की देणगीदारांशी तुटलेल्या नात्याची. अडचण प्रमाणाची असेल तर फक्त महिला संघ मागावा. दोन्ही मागितले की मुलगेही वाढतात आणि प्रमाण पुन्हा बिघडतं. त्यानंतर ३०० किलोमीटरच्या आत मुलींची कुस्ती असलेल्या शाळांची यादी आणि तेवढ्याच टप्प्यातले प्रतिस्पर्धी संघ. सहा-सात संघ बसने गाठता येत नसतील तर प्रवासाचा आकडा वरच्या उदाहरणाच्या दुप्पट धरावा. मग पाच वर्षांचं अंदाजपत्रक, त्यात गळतीचे दोन वेगळे अंदाज. त्यानंतर वैद्यकीय व्यवस्था. परंपरा आणि चारित्र्य शेवटी, अर्ध्या पानात.

२०२५ च्या उन्हाळ्यापासून बड्या विद्यापीठांपुढे नवा पेच आहे. खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीने त्यांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. कुस्तीसंघाची मर्यादा ३० झाली आणि त्या तिसांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली. पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे ओढला जाणार हे उघड आहे, आणि नव्या संघांवर २०२० सारखी वेळ पुन्हा येऊ शकते. म्हणून आज प्रस्ताव देणाऱ्यांनी एक कलम सोडू नये: पहिल्या तुकडीची चार वर्षं पूर्ण होईपर्यंत संघ बंद होणार नाही, आणि पुढे बंद करायचाच ठरला तर किमान एक हंगाम आधी लेखी कळवलं जाईल व दाखल झालेल्यांची शिष्यवृत्ती पदवीपर्यंत चालू राहील. या कलमावर सही करायला जी संस्था तयार नाही, तिच्याकडे मुली पाठवू नयेत.